मळवलीचीं शंभर घरें



‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण आपणां सर्वांस ठाऊक आहे. या दोन कार्यांत माणसाची ऐपत कळते आणि त्याचीं माणसेंही कळतात. लग्नाला भाऊबंद धांवून येतात; घराच्या वेळीं मात्र गवंडी, सावकार आणि घरधनी एवढे तिघेच उरतात. असें असतां, ज्यांच्याशीं रक्ताचें नातें नाहीं, ज्यांची भाषाही कळत नाहीं, अशा माणसांनीं येऊन गरिबांच्या घरांच्या भिंती उभारल्या, ही हकीकत आपल्याच मावळांत घडली. तिचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांकडून लोहमार्गानें लोणावळ्याकडे निघालें म्हणजे तळेगांव, वडगांव, कामशेत हीं स्टेशनें मागें पडून मळवली लागतें. एका अंगास लोहगड व विसापूर, त्यांच्या पायथ्याशीं भाज्याचीं लेणीं. दुसऱ्या अंगास कार्ल्याचा डोंगर. येथें बर्फ पडत नाहीं. परंतु मावळचा पाऊस ज्यानें कुडाच्या घरांत राहून सोसला आहे, त्यास हिमवर्षावाची कल्पना करणें अवघड जाऊं नये. सरपण भिजतें, भिंतीची माती खालीं येते, आणि चार महिने घर सांवरण्यांतच जातात. तेथें पक्कें घर ही चैनीची वस्तु नव्हे.

या डोंगरांस परकीय हातांची ओळख जुनी आहे. कार्ल्याचें चैत्यगृह सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचें. त्यांतील शिलालेख वाचले म्हणजे दिसतें कीं, तें एका राजाच्या खजिन्यांतून झालेलें नाहीं. कोणीं एक खांब दिला, कोणीं दुसरा. या दात्यांत धेनुकाकट येथील कित्येक यवनांचीं नांवें कोरलेलीं आहेत. एकानें सर्व करण्याऐवजीं अनेकांनीं थोडें थोडें करावें, ही रीत मावळास नवी नव्हे.

अर्वाचीन काळांत परक्या गांवीं जाऊन घरें बांधण्याची चळवळ चालविणाऱ्यांत स्वित्झर्लंडचे पिअर सेरेसोल यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० सालीं, त्यांनीं कांहीं सोबत्यांसह फ्रान्समधील व्हर्दंजवळचें एक उद्ध्वस्त गांव उभारण्यास हात घातला. १९२४ सालीं आल्प्स पर्वतांतील एका खेड्यावर हिमकडा कोसळला, तेव्हां तेथेंही त्यांचे स्वयंसेवक फावडीं घेऊन गेले. पुढें १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत भयंकर भूकंप झाला. तेव्हां हेच गृहस्थ हिंदुस्थानांत आले आणि बेघर झालेल्या शेतकऱ्यांसाठीं नवीं गांवें वसविण्याच्या कामीं राबले.

दुसरा प्रवाह अमेरिकेंतला. जॉर्जिया संस्थानांत १९४२ सालीं क्लॅरेन्स जॉर्डन यांनीं गोरे आणि काळे एकत्र राहतील असें एक शेत वसविलें. त्याच शेतावरील विचारांतून मिलार्ड फुलर व त्यांच्या पत्नी लिंडा यांनीं १९७६ सालीं ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था काढली. १९८३ पासून ती भारतांतही काम करूं लागली. या संस्थेच्या मुख्य ठिकाणाजवळच माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचें गांव. १९८४ सालीं कार्टर पतिपत्नी न्यूयॉर्कमधील एक मोडकी इमारत दुरुस्त करण्यास स्वयंसेवक म्हणून गेलीं, आणि तेव्हांपासून वर्षांतील एक आठवडा घरें बांधण्याचा त्यांचा परिपाठ पडला.

कार्टर घराण्याचा आपल्या प्रांताशीं संबंध याहून जुना आहे. त्यांच्या मातोश्री लिलियन या शिक्षणानें परिचारिका. १९६६ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, त्या मुंबईजवळ विक्रोळीस आल्या आणि सुमारें पावणेदोन वर्षें तेथें रोग्यांची शुश्रूषा करीत राहिल्या. ज्या वयांत माणसें नातवंडांकडून सेवा घेतात, त्या वयांत ही बाई परदेशांत सेवा करण्यास आली!

ऑक्टोबर २००६ च्या अखेरीस त्यांचे चिरंजीव मळवलीस आले. त्या वेळीं कार्टर ८२ वर्षांचे होते. पत्नी रोझलिन बरोबर होत्याच. मळवलीजवळच्या पाटण गांवीं सुमारें २००० स्वयंसेवक जमले आणि एका आठवड्यांत शंभर घरें उभीं राहिलीं. क्रिकेटपटु स्टीव्ह वॉ आले, अमेरिकन नट ब्रॅड पिट आले, त्यामुळें वर्तमानपत्रांत गवगवा झाला. परंतु माझ्या मतें त्यांतील लक्ष देण्याजोगी गोष्ट निराळीच आहे.

हीं घरें भिक्षा म्हणून द्यावयाचीं नाहींत, हा त्या संस्थेचा मूळ दंडक. ज्याचें घर, त्यानें इतरांबरोबर स्वतः राबावें; आणि संस्थेनें नफा न घेतां दिलेली रक्कम हप्त्याहप्त्यानें फेडावी. फेडीच्या पैशांतून पुढच्या कुटुंबाचें घर व्हावें. आमच्या खेड्यांत इर्जिक होती, सावड होती. आज दहा औतें माझ्या शेतांत, उद्यां माझें औत तुमच्या शेतांत. इर्जिकीस आलेल्यांना घरधनी जेवूं घाली, पण त्यांचे उपकार मानून मान खालीं घालीत नसे. कारण उद्यां आपणही जाणार, हें त्यास माहीत असे. मळवलीस जी कल्पना सातासमुद्रांपलीकडून आली, ती आमच्या बांधावर पूर्वींपासून होती.

यावर आक्षेप घेणारे म्हणतात कीं, एवढ्या पाहुण्यांच्या विमानप्रवासाच्या खर्चांत आणखी कितीतरी घरें झालीं असतीं, आणि शंभर घरांनीं गरज ती किती भागणार? हा आक्षेप खोटा नाहीं. हिशेबाच्या वहींत तो बिनतोडच आहे. घरें पुरविण्याचें मुख्य कर्तव्य सरकारचें आणि उद्योगांचें आहे; स्वयंसेवकांच्या एका आठवड्यानें तें फिटत नाहीं. आपल्या पट्ट्याचाच दाखला घ्या. १९६० नंतर येथें कारखाने भराभर वाढले. कामगारांना परवडणारीं घरें मिळावीं म्हणून १९७२ सालीं पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें. २०२१ सालीं तें विलीन करण्यांत आलें. एवढ्या काळांत तळवडे, भोसरी, चाकणपर्यंत यंत्रें पोहोंचलीं. परंतु तीं चालविणारे कित्येक हात अजून पत्र्याच्या खोलींत भाडें भरून राहतात. ज्याच्या घामानें मोटारी तयार होतात, त्यास पावसांत कोरडें निजावयास मिळूं नये, हें आपणांस शोभत नाहीं.

तरीही मळवलीच्या घरांस मी कमी लेखीत नाहीं. रोझलिनबाई २०२३ सालीं निवर्तल्या. कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजीं, शंभरी पुरी करून गेले. मोठ्या राष्ट्राचें अध्यक्षपद भूषविलेला मनुष्य ८२ व्या वर्षीं परक्या मुलखांत गरिबाच्या भिंतीस हात लावतो, हें पाहिल्यावर शेजाऱ्याच्या घराचें काम हलकें, असें म्हणण्यास जागा उरत नाहीं. चार मैलांवरील वस्तींत पावसाळ्यापूर्वीं एका विधवेच्या घरावर पत्रे चढवावयाचे असले, तर त्यासाठीं कोणा परदेशी पाहुण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. गांवांत दहा तरुण असतात, रविवार असतो, आणि इर्जिक हा शब्दही अजून आपल्या भाषेंतून गेलेला नाहीं.