तीस सेंटिमीटरची छाती

जर्मनीत डाख्सहुंड मोठा की छोटा, हे वजनकाट्यावर ठरत नाही. कुत्रा 15 महिन्यांचा झाला की परीक्षक टेप घेतो आणि त्याच्या छातीभोवती धरतो. 35 सेंटिमीटरच्या वर भरली तर तो नेहमीच्या मापाचा, 30 ते 35 मध्ये बसला तर बुटका, आणि 30 किंवा त्याहून कमी असेल तर सशांचा, असं वर्षानुवर्षं चालत आलं. अलीकडे नर-मादीसाठी आकडे थोडे वेगळे केले आहेत, पण टेप तोच. हा 30 चा आकडा कुणा सौंदर्यस्पर्धेच्या पंचाने काढलेला नाही. रानसशाच्या बिळात शिरू शकेल अशा छातीचं ते माप आहे.

आपल्याकडे ‘मिनी डॅशहाउंड’ म्हणून जे पिल्लू घरी येतं, त्याची खरी ओळख मला या टेपात सापडली. आमची कुत्री मिरी घरात आली तेव्हापासून या जातीबद्दल मिळेल ते वाचत आले आहे. ज्या ज्या गोष्टींना घरचे ‘खोडी’ म्हणतात, त्या प्रत्येकीमागे एखादं जुनं काम निघतं. तिची काळजी घ्यायची म्हणजे आधी ते काम समजून घ्यायचं, असं माझं ठाम मत झालं आहे.

मुळात हा कुत्रा सशांसाठी नव्हताच. डाख्स म्हणजे बॅजर. तोंडावर काळे-पांढरे पट्टे, दहा-बारा किलोंचं दणकट अंग, खणायला मजबूत नखं आणि जबर चावा असा हा प्राणी दिवसा जमिनीखालच्या बोळांत पडून असतो. बंदूक घेऊन वर उभं राहिलं तर तो दिसायचाही नाही. त्याच्या घरात शिरू शकेल असा गडी हवा होता. फ्रान्समध्ये 1561 साली ज्याक द्यु फुयू यांनी शिकारीवरच्या ग्रंथात आखूड पायांच्या, जमिनीखाली सोडायच्या कुत्र्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. जर्मनीत हान्स फ्रीडरिश फॉन फ्लेमिंग यांच्या 1719 च्या शिकारग्रंथातही असे बॅजरवर सोडायचे कुत्रे भेटतात.

काम असं चाले. कुत्रा एकटा बिळात उतरायचा. आत अंधार, वळणं, समोर आपल्याहून वजनदार जनावर. त्याने बॅजरला एका कोपऱ्यात कोंडून धरायचं आणि भुंकत राहायचं. वर माणसं जमिनीला कान लावून आवाज कुठून येतो त्याचा माग घेत, आणि बरोबर त्या जागी कुदळ-फावड्याने खणायला लागत. याला कितीही वेळ लागे. तोवर कुत्र्याने मागे हटायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही. म्हणून छाती खोल, फुप्फुसं मोठी आणि आवाज अंगाच्या मानाने अफाट. मिरीचं भुंकणं ऐकून खालच्या मजल्यावरचे लोक अजून विचारतात, एवढा मोठा कुत्रा फ्लॅटमध्ये ठेवता कसा? पुढचे पाय आखूड, पण पंजे रुंद, कारण माती उकरून बाजूला फेकायची असते. कातडी सैल, म्हणजे मुळांत किंवा दगडात अडकली तरी फाटत नाही.

आणि हट्ट. ‘ही ऐकतच नाही’ ही डाख्सहुंड पाळणाऱ्या प्रत्येकाची तक्रार असते. पण बिळात मालकाची हाक पोचतच नव्हती. पुढे जायचं, थांबायचं की तोंड घालायचं, हे त्या कुत्र्याला स्वतःच ठरवावं लागे. ज्यांना ते जमायचं त्यांचीच पिल्लं शिकारी ठेवून घेत. असा निर्णय घेणारा कुत्रा कित्येक पिढ्या निवडून काढायचा आणि मग तो सोफ्यावरून ‘खाली उतर’ म्हटल्यावर विचार करतो म्हणून त्याला मठ्ठ ठरवायचं, हा त्याच्यावर अन्याय आहे. आवाज चढवून काही होत नाही. चण्याएवढा चीजचा तुकडा आणि रोज तोच शब्द, याने मिरी शिकते.

रोज रात्री ती आईंच्या जुन्या गोधडीपाशी जाते. नाकाने कड उचलते, पुढच्या पंज्यांनी चार-सहा वेळा खरवडते, मान आत घालते आणि सबंध अंग सरकवून आत गडप होते. मग आतल्या आत वळते, तोंड उघड्या बाजूला येईल अशी. भर मे महिन्यातही. बिळातल्या कुत्र्याने वाटेकडे तोंड ठेवावं तशी ती बसते. तिच्या अंगावरून गोधडी ओढून काढू नका, असं मी पाहुण्यांना सांगून ठेवलं आहे. आणि गोधडी पडलेली दिसली की बसायच्या आधी हाताने चाचपून बघायचं, हा आमच्या घरचा नियम आहे.

छोटा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आला. सशांच्या बिळांत बॅजरवाला कुत्रा मावेना, तेव्हा जर्मन शिकाऱ्यांनी अंगाने लहान राहिलेली पिल्लं निवडायला सुरुवात केली. काहींनी पिन्शरसारख्या छोट्या जातींशी संकरही केले. पण त्यांत अंग लहान झालं तरी मूळचा बांधा बिघडायचा, म्हणून पुन्हा शुद्ध वंशातल्या लहान कुत्र्यांकडे वळावं लागलं. बर्लिनमध्ये 1888 साली जर्मन टेकेलक्लब स्थापन झाला. टेकेल हे या कुत्र्यांचं शिकाऱ्यांमधलं नाव. तिथे आजही कुत्र्यांच्या कामाच्या परीक्षा होतात, त्यांत जखमी हरणाचा रक्ताचा माग काढण्याचीही असते.

इंग्लंडमध्ये मात्र हा कुत्रा राजवाड्याच्या दारातून आला. राणी व्हिक्टोरियाला आणि जर्मनीतून आलेल्या तिच्या नवऱ्याला, प्रिन्स अल्बर्टला, त्याचं फार वेड. राणीने पाळलं म्हणून सरदारांनी पाळलं. 1881 मध्ये तिथे क्लबही निघाला. शिकारीचं काम गेलं, प्रदर्शनं आली. मग 1914 चं युद्ध झालं आणि त्याच कुत्र्यावर जर्मन असल्याचा शिक्का बसला. ग्रॅहम ग्रीन यांनी आपल्या आठवणींत लिहिलंय की त्यांच्या बर्कहॅमस्टेड गावात भर रस्त्यात एका डाख्सहुंडाला दगड मारले गेले. अमेरिकेत त्याचं नाव बदलून ‘बॅजर डॉग’ करण्यात आलं. ज्या जनावराला सरहद्द ठाऊक नाही त्याच्यावर माणसांनी राग काढला, हे वाचून मला आजही संताप येतो. पुढे लोकांचं प्रेम परत आलं. ब्रिटनमध्ये छोट्यांसाठी 1935 साली स्वतंत्र क्लब झाला. तिथे आणि अमेरिकेत छातीऐवजी वजन धरतात, साधारण पाच किलोंची मर्यादा. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकचं बोधचिन्ह होता वाल्डी नावाचा रंगीबेरंगी डाख्सहुंड, आणि मॅरेथॉनचा मार्गही त्याच्याच आकृतीत आखला होता.

मी मिरीची छाती मोजली तेव्हा ती 33 भरली. श्वास रोखून उभी होती. म्हणजे ती जर्मन हिशेबाने बुटकी, सशांची नव्हे. आपल्याकडे दीड महिन्याचं पिल्लू दाखवून ‘एकदम मिनी’ म्हणतात, त्या वयात ते कुणीच खात्रीने सांगू शकत नाही.

आता पाठीबद्दल. स्वीडनमधले पशुवैद्य हान्स-यॉर्गेन हान्सेन यांनी 1952 साली दाखवून दिलं की अशा आखूड पायांच्या कुत्र्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या तरुणपणीच कडक होतात आणि एक दिवस फुटून मज्जारज्जूवर दाब देतात. पाठ लांब आहे म्हणूनच असं होतं, असा लोकांचा समज आहे. खरं मूळ जनुकांत निघालं. 2009 मध्ये आखूड पायांमागे एफजीएफ-4 या जनुकाची एक जादा प्रत सापडली, आणि 2017 मध्ये दुसरी, बाराव्या गुणसूत्रावरची. ही दुसरी प्रत पायही आखूड करते आणि चकत्याही अकाली म्हाताऱ्या करते. ज्याने त्याला बिळात उतरवलं, त्यातच त्याचं दुखणं आलं. पाच डाख्सहुंडांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो, बहुतेकदा तीन ते सात वर्षांच्या वयात.

पिकासोच्या घरी 1957 साली आलेला लुंप नावाचा डाख्सहुंड यातलाच. छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन त्याला घेऊन फ्रान्समधल्या कान शहरात पिकासोकडे गेले आणि तो तिथेच राहिला. पिकासोच्या ‘लास मेनिनास’ मालिकेत तो दिसतो. पुढे त्याचे मागचे पाय गेले. तिथल्या डॉक्टरांनी आशा सोडली. डंकन त्याला उचलून श्टुटगार्टला घेऊन गेले, तिथे महिनोन्‌महिने उपचार झाले आणि तो पुन्हा चालू लागला, झोकांड्या खात का होईना. 1973 मध्ये पिकासोच्या आधी थोडेच दिवस तो गेला.

लुंपची गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण आजही कुत्र्याचे मागचे पाय गेले की ‘आता काही नाही’ म्हणणारे भेटतात. पाठ कमानीसारखी वर काढली, उचलताना किंचाळला, मागचे पाय एकमेकांत अडकू लागले, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच तासाला डॉक्टर गाठायचा. माणसांच्या गोळ्या द्यायच्या नाहीत. किती पटकन नेलं यावर बरंच अवलंबून असतं. सौम्य असेल तर काही आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती, जास्त असेल तर शस्त्रक्रिया.

रोजचं म्हणाल तर उचलताना दोन हात: एक छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. काखेत धरून लोंबकळवायचं नाही. जिना आम्ही तिला चढू देत नाही. वीज गेली की चौथ्या मजल्यापर्यंत उचलून नेतो. मानेच्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस. वजनावर सगळ्यांत जास्त लक्ष. आई तिला तूप लावलेली पोळी प्रेमाने भरवायच्या. पाच किलोंच्या अंगावर अर्धा किलो म्हणजे किती, हे त्यांना काट्यावर दाखवल्यावर आता त्या काकडी आणि गाजराचे तुकडे देतात, तेवढ्याच प्रेमाने. आणि जपायचं म्हणून बसवून ठेवायचं नाही. ब्रिटनमध्ये 2015 साली मालकांकडून गोळा केलेल्या माहितीत, भरपूर चालणाऱ्या डाख्सहुंडांत पाठीचा त्रास कमी आढळला होता. बॅजरशी झुंजणाऱ्यांचं हे रक्त आहे, त्याला स्नायू हवेत. पहाटे ऊन चढायच्या आत मिरी टेकडीवर जाते आणि वाटेतलं प्रत्येक घुशीचं बीळ हुंगून येते.

डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वेमध्ये पैदाशीआधी, दोन ते चार वर्षांच्या वयात, कुत्र्याच्या पाठीचा एक्स-रे काढून कडक झालेल्या चकत्या मोजतात आणि ज्यांच्या कमी चकत्या कडक झाल्या आहेत अशांच्या जोड्या निवडतात. आपल्याकडे विकणारे बहुतेक जण रंगावर किंमत लावतात. ठिपक्यांचा, ‘डॅपल’ म्हणतात तो, सर्वांत महाग. दोन डॅपल एकमेकांना लावले तर आंधळी-बहिरी पिल्लं होऊ शकतात, हे घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. पिल्लू बघायला जाल तेव्हा त्याच्या आईला चालायला लावा, बापाचा रंग विचारा, आणि दोघांपैकी किंवा त्यांच्या भावंडांपैकी कुणाची पाठ गेली होती का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.