सांगोल्यात हरण्याचा इतिहास

सांगोल्याचं नाव निघालं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, गणपतराव देशमुखांचे अकरा विजय. दुसरी, जून २०२२ मध्ये शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीच्या हॉटेलातून शहाजीबापू पाटलांनी कार्यकर्त्याशी फोनवर केलेलं झाडी, डोंगार आणि हाटीलचं वर्णन. पहिल्याचं नाव आदराने घेतलं जातं, दुसऱ्याचं हसत. पण हे दोघं याच मतदारसंघात वर्षानुवर्षं एकमेकांसमोर उभे राहत होते, हे पुण्या-मुंबईत फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. नुसती विजयांची यादी वाचली तर सांगोल्याचा इतिहास अर्धाच कळतो. तो कळायचा असेल तर कोण कधी हरलं, हे बघावं लागतं.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ ची. २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसकडे गेल्या, शेतकरी कामगार पक्षाला १५ मिळाल्या. त्या पंधरांत सांगोला होतं. उमेदवार गणपतराव, पेशाने वकील, मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर. शेकाप हा काँग्रेसमधूनच फुटून निघालेला पक्ष. शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी तो उभा केला आणि पुढे हे दोघंही काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणाने शेकापची बरीच वजाबाकी केली. मागे राहिले ते राहिलेच. त्यांत उद्धवराव पाटील होते, एन. डी. पाटील होते, आणि सांगोल्याचे ‘भाई’ गणपतराव.

१९६७ ला ते पुन्हा निवडून आले. १९७२ ला हरले. बांगलादेशाच्या युद्धानंतरची ती निवडणूक. इंदिरा गांधींच्या नावावर काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या आणि शेकाप सातवर आला. त्या लाटेत सांगोलाही गेलं, यात नवल काही नाही. त्यानंतर आला दुष्काळ, ज्याची आठवण माणदेशातली म्हातारी माणसं अजून काढतात. खडी फोडायच्या कामावर अख्खी घरं गेली होती. १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली आणि तालुक्याने गणपतरावांना परत विधानसभेत पाठवलं. पुढे १९७८, १९८०, १९८५, १९९० या चारही निवडणुका त्यांनी जिंकल्या. मधल्या काळात ते विरोधी पक्षनेते झाले, १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद सरकारात मंत्रीही झाले. तो भाग मी इथे आवरता घेतो. मंत्रिपदामुळे त्यांना मतं मिळाली असं सांगोल्यात कुणी म्हणत नाही.

मग कशामुळे मिळाली? धनगर समाजाची मतं या तालुक्यात मोठी आहेत आणि गणपतराव त्या समाजाचे, हे पहिलं उत्तर. ते खोटं नाही, अपुरं आहे. १९७२ लाही तोच समाज होता, तरी ते हरले. दुसरं उत्तर पाण्याचं. माण नदी उन्हाळ्यात नुसती वाळू दाखवते, पाऊस बेभरवशाचा, आणि कृष्णेचं पाणी डोंगरापलीकडे. नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवायला सुरुवात केली, तेव्हा तिच्या व्यासपीठावर गणपतराव होते. कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने दुष्काळी भागात चढवणाऱ्या टेंभू योजनेचा पाठपुरावा ही त्यांच्या शेवटच्या अनेक वर्षांची कामगिरी. पाणी सावकाश आलं. दरम्यान शेतकऱ्यांनी कोरड्या हवेत टिकणारं डाळिंब लावलं, आणि सूतगिरणीने काही घरांना पगार दिला.

तिसरं उत्तर एसटीचं, आणि ते खरं असूनही आता वापरून वापरून झिजलंय. लाल गाडीत आमदार-खासदारांसाठी राखीव आसन असतं, वर तशी पाटी रंगवलेली असते. त्या पाटीखाली पिशव्या घेतलेली बाई, कडेवर पोर असलेला माणूस, कॉलेजची मुलं असे सगळे बसतात. आमदार काही येत नाही, म्हणून पाटी कुणी वाचतही नाही. गणपतराव त्या गाडीत चढत. हे चित्र वर्तमानपत्रांनी इतक्या वेळा छापलं की साधेपणा हाच जणू त्यांचा निवडणूक कार्यक्रम होता असं वाटावं. मला त्यात दुसरंच काही दिसतं. एसटीने फिरणाऱ्या आमदाराला स्टँडवर थांबावं लागतं, आणि स्टँडवर थांबलेल्या माणसाला कुणीही येऊन गाठू शकतं. तलाठी सातबारा देत नाही, डीपी जळालाय, पोराचा दाखला अडलाय. लोकांची गाऱ्हाणी स्टँडवरच कानावर पडत असतील, तर प्रचाराची निम्मी तयारी तिथेच होते.

तरीही १९९५ ला ते हरले. किती मतांनी? १९२.

तेव्हा मतदान मतपत्रिकेवर होत असे. मोजणीच्या टेबलावर पेट्या उघडायच्या, मतपत्रिकांच्या घड्या मोडायच्या, चिन्हाप्रमाणे वेगळ्या करायच्या, गठ्ठे बांधायचे. शिक्का रेघेवर पडला, दोन चिन्हांना लागला, अंगठाच उठवला, अशी मतं बाद. शिक्क्याची बाणफुली मुद्दाम अशी केलेली की कागदाची घडी घातल्यावर ओली शाई समोरच्या चिन्हावर उमटली, तरी खरा ठसा कोणता आणि पडछाया कोणती ते दिशेवरून ओळखू यावं. मोठ्या फरकाच्या लढतीत हे सारे बारकावे कुणी विचारत नाही. १९२ च्या लढतीत एकेका संशयित मतपत्रिकेवर दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी वाकतात. एखाद्या मोठ्या वस्तीत असतात तेवढीच ही मतं.

जिंकलेले उमेदवार काँग्रेसचे, चिकमहूदचे शहाजीबापू पाटील. यातली गंमत अशी की त्याच निवडणुकीत काँग्रेस राज्यात ८० जागांवर घसरली आणि शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. सांगोल्यात काँग्रेस आली ती मुंबईत सत्ता गेल्यावर. पक्षाची हवा नसताना मिळालेला विजय उमेदवाराचा स्वतःचा असतो, आणि शहाजीबापूंनी तो तसाच धरला असावा. पुढच्या वीस वर्षांत त्यांनी पक्ष बदलला, मतदारसंघ बदलला नाही.

१९९९ ला गणपतरावांनी जागा परत घेतली आणि विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात मंत्री झाले. २००४ आणि २००९ लाही तेच निवडून आले. २०१४ मध्ये शहाजीबापू शिवसेनेच्या धनुष्यबाणावर उभे राहिले. मोदी लाटेचं ते वर्ष, शिवाय सगळे मोठे पक्ष स्वतंत्र लढत होते. नव्वदीकडे झुकलेल्या गणपतरावांनी पंचवीस हजारांवर मताधिक्य घेतलं. अकरावा विजय. त्याला कुणी देशातला विक्रम म्हणतं, ते बरोबर नाही. केरळच्या पालामधून के. एम. मणी त्याहून अधिक वेळा निवडून आले होते. महाराष्ट्रापुरता मात्र हा आकडा एकट्याचाच.

हरणाऱ्या उमेदवाराबद्दल आपल्याकडे लिहिलं जात नाही. डिपॉझिट जप्त झालेल्या हौशी अपक्षावर लेख येतात, पण दुसऱ्या क्रमांकावर पुन्हा पुन्हा राहणाऱ्या माणसावर येत नाहीत. त्याचं डिपॉझिट वाचतं, बाकी बरंच जातं. कार्यकर्ते सांभाळायचे, गावोगावची लग्नं आणि दहावे चुकवायचे नाहीत, पाच वर्षं आमदार नसताना आमदारासारखं वागायचं. शहाजीबापू हे करत राहिले म्हणून सांगोल्यात विरोधक उरला. समोर माणूस नसता तर गणपतरावांचे शेवटचे विजय बिनविरोधाच्या जवळपास गेले असते, आणि मग त्यांचं मोलही कमीच ठरलं असतं.

२०१९ ला वयोमानामुळे गणपतराव उभे राहिले नाहीत. शेकापने नातू डॉ. अनिकेत देशमुखांना उमेदवारी दिली. शहाजीबापूंना ९९,४६४ मतं पडली, अनिकेत यांना ९८,६९६. फरक ७६८. आकड्यांचा नाद असलेल्यांनी पाहावं, ७६८ म्हणजे १९२ ची बरोबर चौपट. यात अर्थ काहीच नाही, योगायोगच. अर्थ आहे तो बेरजेत. शहाजीबापूंच्या दोन्ही विजयांची मताधिक्यं मिळवली तर ९६० भरतात. दोन आमदारक्या, त्यांच्या मध्ये चोवीस वर्षं, आणि एकूण मताधिक्य हजाराच्या आत.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. आमदारकीला उभ्या असलेल्या गणपतरावांवर शहाजीबापूंना मात करता आली ती एकदाच, १९९५ ला. दुसऱ्यांदा ते जिंकले तेव्हा समोर नातू होता. अवघ्या महाराष्ट्राला ते ठाऊक झाले ते निवडणुकीने नव्हे, फोनवरच्या एका संभाषणाने. त्या संभाषणावर गाणी निघाली, मीम निघाले. पण ज्या माणसाने इतके पराभव पचवून आमदारकी मिळवली, त्याची ओळख हॉटेलच्या वर्णनावर थांबावी हे मला अन्यायाचं वाटतं, त्यांचं राजकारण पटो वा न पटो.

गणपतराव ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गेले. २०२४ ची लढत तिरंगी झाली. शहाजीबापू एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेकडून, दीपकआबा साळुंखे उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडून आणि गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून. बाबासाहेब पंचवीस हजारांहून अधिक मतांनी जिंकले. १९६२ मध्ये पंधरा आमदार असलेल्या पक्षाचा २०२४ च्या विधानसभेत एकच आमदार निवडून आला, तो सांगोल्याचा. शहाजीबापू पुन्हा माजी आमदार झाले.