लंकेंतील २०० शिवणकारखाने

कारखाना खेड्यांत कां गेला, या प्रश्नास अर्थशास्त्रज्ञ बहुधा एकच उत्तर देतात: मजुरी स्वस्त म्हणून. लंकेपुरतें तरी हें उत्तर आम्हांस अपुरें वाटतें. तेथें कारखाना खेड्यांत नेला तो एका कागदानें.

इ. स. १९७४ च्या बहुतंतु करारान्वयें श्रीमंत राष्ट्रें परदेशी कपड्यांच्या आयातीस देशवार मर्यादा घालूं लागलीं. या मर्यादेंतील वांटा, म्हणजे कोटा, ज्याच्या हातीं त्याचाच माल उतरे. लंकेनें १९७७ सालीं व्यापार खुला केला व १९७८ सालीं कटुनायके येथें निर्यातक्षेत्र उघडलें. पूर्व आशियांतील कारखानदार तेथें आले ते बऱ्याच अंशीं या न वापरलेल्या कोट्यासाठीं. कामास मुली खेड्यांतून येत व दाटीवाटीनें खोल्या घेऊन राहत. जपानी शिवणयंत्राच्या नांवावरून त्यांस ‘जुकी’ म्हणत. त्या नांवांत कौतुक नव्हतें.

१९८७ ते १९८९ या काळांत सिंहली तरुणांनीं सशस्त्र बंड केलें. ग्रामीण बेकारी हें त्याचें एक प्रमुख कारण मानलें जातें. पुढें १९९२ सालीं अध्यक्ष रणसिंघे प्रेमदास यांनीं खेड्यापाड्यांत २०० शिवणकारखाने काढण्याची योजना मांडली. दर कारखान्यास सुमारें ५०० कामकरी, म्हणजे एकूण एक लाख. खेड्यांत जाण्यास कारखानदार सहजीं राजी होईना. त्यास कोट्याची लालूच दाखविली, आणि दुर्गम जागेस सवलत अधिक. पड जमिनीच्या लागवडीसाठीं दिलेले इस्ताव्याचे कौल ज्यांनीं वाचले आहेत, त्यांस ही रीत अपरिचित वाटणार नाहीं.

परिणाम मात्र निराळा झाला. कौलाची जमीन गांवचीच असे. येथें कापड बहुतेक परदेशचें, गिऱ्हाईक परदेशचें, गांवचे फक्त हात. मुलगी घरीं राहून पगार मिळवूं लागली, शहरांतील खोलीभाडें वांचलें, हा लाभ खरा व मोठा. परंतु विणकर वा रंगारी यांच्या धंद्यास या कारखान्यांनीं फारसें बळ दिलें नाहीं. गांवांत राहिली ती मुख्यतः मजुरी.

प्रेमदास १ मे १९९३ रोजीं बॉम्बस्फोटांत मारले गेले. कोट्याची पद्धति २००४ अखेर संपली. त्यानंतर कित्येक लहान कारखाने बंद पडले, मोठे तगले.

संग्राहकांस विनंती इतकीच कीं, केवळ सरकारी परवाने गोळा करून थांबूं नये. परवान्यावर कारखानदाराचें नांव असतें. मुलीचें नांव हजेरीपटावर, आणि तिच्या पगाराचें पुढें काय झालें हें घरच्या हिशेबाच्या वहींत.