तरवडीच्या पाटलांनी मला पुन्हा लिहायला बसवलं

मित्रांनो, दीड वर्ष झालं, इथे काही लिहिलं नाही. बातम्या पाठवतोय, जाहिरातींच्या टार्गेटमागे पळतोय, पण स्वतःच्या मनातलं म्हणून चार ओळी नाहीत. कुणी विचारलं की "वेळ नाही हो" म्हणायचो. खरं कारण वेगळं होतं. तालुक्याच्या गावातून लिहिलेलं वाचतं कोण, हा प्रश्न मनात घर करून बसला होता.

गेल्या आठवड्यात बाजार समितीच्या गेटवर एक म्हातारे शेतकरी भेटले. म्हणाले, "का हो पत्रकार, लिहायचं सोडलं का? नातू वाचून दाखवायचा मला." मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण घरी येताना डोक्यात एकच नाव होतं, मुकुंदराव पाटील.

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, नेवासा तालुक्यात तरवडी हे खेडं आहे. मुकुंदरावांनी १९१० साली 'दीनमित्र' साप्ताहिक काढलं, आधी सोमठाण्यातून आणि मग तरवडीतून. पेपर काढायचा तो पुण्या-मुंबईत, असं मानायचा तो काळ. या माणसाने मात्र खेड्यात बसून खेड्यासाठी पेपर काढला.

हे एकदम घडलं नाही. मुकुंदरावांचे जन्मदाते वडील कृष्णराव भालेकर. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. त्यांनी १ जानेवारी १८७७ ला पुण्यात 'दीनबंधू' सुरू केला. तीनेक वर्षांत पैशाअभावी तो चालवणं अशक्य झालं. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत नेऊन पुन्हा उभा केला. पुढे १८८८ मध्ये गणपतराव पाटलांनी 'दीनमित्र' नावाचं मासिक काढलं. गणपतराव तरुणपणीच गेले आणि मासिकही थांबलं. मुकुंदराव याच पाटलांच्या घरात दत्तक आले होते. बंद पडलेलं तेच नाव त्यांनी १९१० मध्ये पुन्हा हाती घेतलं.

म्हणजे बघा, एकाचा पेपर थांबला की दुसऱ्याने उचलला. आपण मात्र पोस्टला लाईक कमी आले की पेन खाली ठेवतो!

मुकुंदरावांची खरी ताकद मला दिसते ती त्यांच्या 'कुलकर्णी लीलामृत' मध्ये. १९१३ चं पुस्तक. गावचा कुलकर्णी कागदपत्रांच्या जोरावर अडाणी शेतकऱ्याला कसा नाडतो, हे त्यांनी चक्क पोथीच्या थाटात लिहिलं. सावकारावर 'शेटजीप्रताप' लिहिलं. लोकांना वाचता येत नव्हतं, पण पोथी ऐकायची सवय होती. मग लिहायचं ते त्यांच्या कानाला रुचेल असंच. आपला वाचक कोण आहे, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

आणि वाचक ठाऊक असला की हुरूप शोधत बसावं लागत नाही. 'दीनमित्र' १९६७ पर्यंत चालला, मुकुंदराव गेले त्या वर्षापर्यंत. ५७ वर्षं! दर आठवड्याला काही स्फूर्ती येत नसणार. पण समोरचा शेतकरी, त्याचं कर्ज, त्याचा सातबारा रोजच होता. लिहायला तेवढं कारण पुरे.

माझं नेमकं हेच चुकलं होतं. मी किती जण वाचतात ते मोजत बसलो आणि कोण वाचतं ते विसरलो. नातवाकडून वाचून घेणारा तो एक आजोबा माझ्या हिशोबात कुठेच नव्हता.

तर आता ठरवलंय. दर रविवारी इथे लिहिणार. पाणी, रस्ते, बाजारभाव आणि आपल्या भागातल्या विसरलेल्या माणसांबद्दल. चुकलं तर हक्काने कान धरा.

एक विनंती. तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या पेटीत 'दीनमित्र'चे जुने अंक असतील तर रद्दीत घालू नका. मला कळवा, मी येऊन फोटो काढून घेईन. ५७ वर्षं एका माणसाने जे लिहिलं, ते वाळवीच्या तोंडी जाऊ नये.