सोळाशे मीटरचे सोबती

गोंदिया जिल्ह्यात पहाटे रस्त्याने धावताना दिसणारी मुले-मुली बहुधा भरतीची तयारी करणारी असतात. जिल्हा पोलीस, राज्य राखीव पोलीस बल, वनरक्षक आणि सैन्य या नोकऱ्यांच्या मैदानी चाचणीसाठी हे धावणे चालते. शहरी मॅरेथॉनच्या छंदाशी त्याचे नाते दूरचे आहे. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि पुढे मोठ्या शहरांत धावणाऱ्यांचे गट उभे राहिले. तेथे नोकरी असलेली माणसे तब्येतीसाठी धावतात, येथे नोकरी नसलेली मुले नोकरीसाठी. सोबत धावून जुळणारी मैत्री मात्र दोन्हीकडे आहे. गोंदियात या मैत्रीने घर, लग्न आणि जातीपातीचे व्यवहार यांनाही स्पर्श केला आहे.

ही चाल फार जुनी नाही. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, शर्यत म्हटली की शंकरपट आठवे. धानाची कामे आटोपली की पटावर बैलजोड्या धावत आणि माणसे कडेला उभी राहून बघत. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईत दंडार हे लोकनाट्य होई, पाहुणे जमत, सोयरिकीची बोलणी निघत. तरुणांच्या अंगातली रग कबड्डीत आणि कुस्तीत जिरे. माणसाने स्वतः घड्याळ लावून ठराविक अंतर धावावे, हे शाळेच्या क्रीडास्पर्धांपलीकडे गावात कोणी करत नसे. सैन्यभरतीची परंपराही इकडची नव्हे. ब्रिटिशांनी मराठा पलटणींसाठी सातारा-रत्नागिरीकडची माणसे घेतली. वैनगंगेच्या खोऱ्याकडे त्यांचे विशेष लक्ष गेले नाही. त्यामुळे आजोबा, वडील आणि मुलगा तिघेही फौजी अशी घरे साताऱ्यात सहज सापडतात, तशी गोंदियात सापडत नाहीत. येथील कमाई धानावर, विडीवर, तेंदूपत्ता आणि मोहफुलांवर, राईस मिलमधल्या मजुरीवर आणि कामासाठी बाहेर पडण्यावर चाले.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा गोंदिया जिल्हा झाला. पोलीस शिपायांची भरती प्रत्येक जिल्हा स्वतंत्रपणे करतो. नव्या जिल्ह्याला स्वतःचा पोलीस अधीक्षक मिळाला, त्याबरोबर स्वतःची भरतीही मिळाली. देवरी-सालेकशाच्या मुलाला आधी भंडाऱ्याचे मैदान गाठावे लागे. आता गोंदियाजवळच्या कारंजा येथील पोलीस मुख्यालय त्याचे झाले. जिल्ह्याच्या पूर्व कडेला नक्षलवादी हालचाली असल्याने दुर्गम भागात सशस्त्र दूरक्षेत्रे उभी राहिली आणि जंगलात चालू शकणारे, स्थानिक बोली जाणणारे जवान हवे झाले. बिरसी येथे राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १५ आहे. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाल्यानंतर वनरक्षकाची नोकरी गावांच्या डोळ्यांसमोर अधिकच ठळक झाली. कारखाने मोजके असलेल्या जिल्ह्यात बारावी झालेल्या मुलाला दरमहा पक्का पगार देणारी दारे तीन-चारच, आणि त्या प्रत्येक दाराशी धावण्याची अट.

भरतीची नियमावली बदलत गेली, तशी सोबतही बदलली. पूर्वी पोलीस भरतीत पुरुषांना पाच किलोमीटर धावावे लागे. जून २०१४ मध्ये मुंबईतील भरतीत हे अंतर धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला, त्यावर राज्यभर काहूर उठले आणि अंतर घटवले गेले. पुढे पुरुषांसाठी १६०० मीटर आणि महिलांसाठी ८०० मीटर हे माप स्थिरावले. सध्याच्या पद्धतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते: मोठ्या धावेला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. सोळाशे मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत पूर्ण केले तर पैकीच्या पैकी गुण मिळतात. मुलींना आठशेसाठी २ मिनिटे ५० सेकंद मिळतात. राखीव बलाने पाच किलोमीटर सोडलेले नाही. वनरक्षकाला धावेशिवाय चार तासांत चालायचे असते, पुरुषांना २५ किलोमीटर आणि महिलांना १६.

या आकड्यांतच सोबतीची गरज दडलेली आहे. पाच किलोमीटर दमाने आणि चिकाटीने निभावतात. सोळाशेत चार फेऱ्या जवळजवळ पूर्ण वेगाने काढायच्या असतात. तिसऱ्या फेरीला पाय जड होतात तेव्हा पुढे कोणी तरी ओढणारा लागतो. ग्राउंडवर, म्हणजे सरावाच्या जागेवर, हे काम ठरवून दिलेले असते: एक जण पहिल्या दोन फेऱ्या वेग धरतो, दुसरा मोबाइलवर टायमिंग घेतो, तिसरा शेवटच्या दोनशे मीटरला कडेने ओरडत पळतो. भरतीच्या दिवशी मात्र प्रत्येक जण आपापला चेस्ट नंबर लावून एकटाच उभा असतो.

एकटे न धावण्याला दुसरे कारण जंगलाचे आहे. नागझिऱ्याच्या आसपासच्या आणि देवरी, सडक अर्जुनीकडच्या गावांत अंधारात एकट्याने बाहेर पडणे धोक्याचे असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळू लागली की झाडाखाली अस्वल असू शकते. म्हणून चौघे-सहाजण मिळून निघतात. धावायची जागाही ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात गावतलावाची पाळ किंवा कोरडी बांधी, म्हणजे धानाचे शेत, चालते. पावसाळ्यात रोवणीमुळे शेत चिखलाने भरते आणि डांबरी रस्त्याखेरीज पर्याय उरत नाही. रोवणीच्या दिवसांत सकाळची धाव उरकून हीच मुले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटायला जातात. अशा वेळी ज्याच्या घरी काम जास्त, त्याच्या बांधीत बाकीचे उतरतात. एरवी पैशाने किंवा परतफेडीच्या हिशेबाने होणारी ही मदत येथे ग्राउंडच्या ओळखीवर होते. शेतकरी बापाच्या मनातून ‘नुसती पळतात’ ही तक्रार पुष्कळदा याच दिवसांत निघून जाते.

मुलींचे धावणे हा या इतिहासातला सर्वांत मोठा बदल म्हणावा लागेल. १९९४ मध्ये राज्याचे पहिले महिला धोरण आले आणि शासकीय नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के आरक्षण मिळाले. जागा होत्या, पण ट्रॅक पँट घालून पहाटे पाचला मुलीने रस्त्यावर यायचे म्हणजे घरच्यांची संमती लागे आणि गावाची नजरही सोसावी लागे. यातून वाट काढताना मुलींनी जुन्या नात्यांचाच आधार घेतला. सुरुवातीला सोबत भाऊ असे किंवा भाऊ सायकलवर मागे असे. मग शेजारची मैत्रीण जोडली जाई, आणि दोन मुली झाल्या की तिसरीच्या आईचे मन वळवणे सोपे पडे. मिश्र गटांत राखी बांधून मानलेला भाऊ करण्याचीही पद्धत दिसते. मैत्रीला नाते चिकटवल्याशिवाय ती गावाला दाखवता येत नाही, ही त्यामागची खरी अडचण.

अर्थात मैत्रीला नात्याचे रूप देणे या भागाला नवे नाही. गोंदियाच्या पूर्वेला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये मितान बदण्याची जुनी रीत आहे. जगन्नाथाचा महाप्रसाद, गंगाजल, भोजली किंवा जंवारा यांची देवाणघेवाण करून दोघे जण जन्माचे मित्र होतात. त्यानंतर एकमेकांना नावाने हाक मारायची नाही. महाप्रसाद, भोजली अशीच हाक मारायची. दोन्ही घरे लग्नकार्यात आणि सुतकात एकमेकांना धरून राहतात आणि जात वेगळी असली तरी हे नाते टिकते. धावसोबत्यांच्या मैत्रीला असा विधी नाही, साक्षीला देव नाही आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालेल याची खात्रीही नाही. पण जातीबाहेरच्या मित्राचे घर आपले होणे, त्याच्या आईच्या हातचे जेवण होणे, हा परिणाम दोन्हींकडे सारखा आहे.

जातीचा मुद्दा ग्राउंडवर चमत्कारिक रीतीने फिरतो. पवार, कुणबी, कलार, लोधी, गोंड, गोवारी, ढिवर, बौद्ध अशी सगळी मुले एकाच फेरीत धावतात. घड्याळ कोणाला सवलत देत नाही. गुणवत्ता यादी लागते ती प्रवर्गवार. त्यामुळे खरी स्पर्धा आपल्याच प्रवर्गातल्या मित्राशी असते, दुसऱ्या प्रवर्गातल्याशी कमी. परिणाम असा, की जातीबाहेरच्या मैत्रीत गुण मोकळेपणाने सांगितले जातात आणि भाऊबंदातल्या मैत्रीत ते झाकले जातात. एका पदासाठी एकाच पोलीस घटकात अर्ज करता येतो, या अटीनंतर तर अर्ज भरतानाच प्रश्न उभा राहतो: दोघा मित्रांनी गोंदियातच भरायचे, की एकाने भंडारा किंवा गडचिरोली धरायचे? वाटून घेणारे मित्र असतात, तसे शेवटच्या दिवशी गुपचूप अर्ज बदलणारेही असतात.

परीक्षेचा क्रम उलटला तेव्हा या सोबतीची कसोटी लागली. २०१९ च्या भरतीत लेखी परीक्षा आधी आणि मैदान नंतर, असे ठरले. पहाटेचे गट विस्कळीत झाले आणि अभ्यासिका भरल्या. त्यातच करोना आला. भरत्या रखडल्या, सैन्याचे मेळावे थांबले. पुढे मैदान पुन्हा आधी आले. १८,३३१ पदांच्या भरतीची मैदानी चाचणी जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा रस्ते परत गजबजले होते. २०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ पदे होती आणि अर्ज साडेसतरा लाखांहून अधिक आले. म्हणजे ग्राउंडवरच्या दहा मित्रांपैकी नऊ किंवा दहाही मागे राहणार, हे उघड गणित आहे. तरी गट मोडत नाहीत.

त्याचे काही स्पष्टीकरण संशोधनात सापडते. ऑक्सफर्डच्या नौकानयनपटूंवर एमा कोहेन, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात एकत्र, तालात केलेल्या व्यायामानंतर वेदना सोसण्याची ताकद एकट्याने केलेल्या तितक्याच व्यायामापेक्षा जास्त वाढलेली आढळली. सिनान अराल आणि क्रिस्टोस निकोलायडिस यांनी २०१७ मध्ये सुमारे ११ लाख धावकांच्या नोंदी तपासल्या. धावणे मित्राकडून मित्राला लागते, कमी धावणारा जास्त धावणाऱ्याला अधिक डिवचतो आणि स्त्रियांवर प्रभाव पडतो तो स्त्रियांचाच, असे त्यांना दिसले. शेवटचा निष्कर्ष गोंदियातल्या तिसऱ्या मुलीच्या आईला कदाचित आधीपासूनच माहीत होता.

लग्नावर या सोबतीचा परिणाम दुहेरी होतो. पोलीस शिपायासाठी वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला २८, मागास प्रवर्गांना ३३ वर्षे आहे. मुलगा तोवर लग्न टाळतो. मुलीला तेवढी मुदत क्वचितच मिळते. घरात स्थळ आले की मध्यस्थी करायला ग्राउंडवरची मैत्रीण येते आणि ‘एक भरती होऊ द्या’ म्हणून वेळ मागून घेते. पुष्कळदा ती मिळते, कधी तीच मैत्रीण पुढे आपल्या लग्नासाठी गट सोडून जाते. निवड झाली की स्थळांची रांग लागते, आणि काल एकत्र धावलेल्या दोघांत पगाराची, गणवेशाची भिंत उभी राहते. हेवा असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण निवड झालेला पहिल्या सुटीत बहुधा ग्राउंडवर येतो, जुने स्पाइक कोणाला तरी देतो, लेखीच्या नोट्स पाठवतो. नक्षलग्रस्त भागात पोलिसात गेलेल्या मुलाच्या घरच्यांना धमक्या येण्याचे दिवस पूर्व विदर्भाने पाहिले आहेत. अशा काळात गावात मागे उरलेला मित्रच त्या घराची विचारपूस करी. जून २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेने आणखी एक प्रकार आणला. चार वर्षांनी परतणारा अग्निवीर पुन्हा त्याच पाळीवर, आपल्याहून लहान मुलांबरोबर पोलीस भरतीसाठी धावू शकतो.

रस्त्यावरच्या धावण्याची किंमतही मोजली गेली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात काटलीजवळ पहाटे महामार्गालगत व्यायाम करणाऱ्या मुलांना ट्रकने चिरडले. चौघांचा मृत्यू झाला. एकाच गावची, रोज बरोबर निघणारी मुले होती ती. गावाला स्वतःचे मैदान हवे, ही मागणी अशा अपघातांनंतर जोर धरते. तोवर एक जण मागे टॉर्च घेऊन धावतो आणि गाडी आली की हाक देतो.

वय निघून गेलेल्यांपैकी काही जण शेती किंवा दुकान धरतात. काही तिथेच राहतात आणि हातात शिटी घेऊन नव्या मुलांच्या फेऱ्या मोजतात. त्यातून तालुक्याच्या गावी अकॅडम्या उभ्या राहिल्या, फी आली, वसतिगृहे आली. पोलीस दलानेही दुर्गम भागात भरतीपूर्व प्रशिक्षण सुरू केले. गावतलावाच्या पाळीवरचे बिनफीचे गट त्यानंतरही चालू आहेत, कारण अकॅडमीची फी सगळ्यांना परवडत नाही.