मतदानहक्काचे संरक्षण : राधानगरी

राधानगरी विधानसभा मतदारसंघात (क्र. २७२) राधानगरी व भुदरगड हे तालुके आणि आजऱ्याचा काही भाग येतो. देशात इतरत्र तसे येथेही मतदाराला अडवणाऱ्यांविरुद्ध स्वतंत्र असा कायदा नाही; तरतुदी विखुरलेल्या आहेत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम १३५-अ नुसार मतदान केंद्र बळकावणाऱ्यास किमान एक वर्ष कैद होते. दलित-आदिवासींना मतदानापासून रोखणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मतदानाची भरपगारी सुटी नाकारणाऱ्या मालकाला दंड मात्र जेमतेम ५०० रुपयांपर्यंत. आपल्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेले असेल, तर ओळख पटवून कागदी मतपत्रिकेवर ‘प्रदत्त मत’ देता येते. ते वेगळ्या पाकिटात राहते आणि मतमोजणीत धरले जात नाही; निवडणूक याचिकेत मात्र न्यायालय ते विचारात घेऊ शकते.