सुई, स्प्रिंग आणि हातोडा

मंडळी, या विकांताचा विषय जरा आवाजी आहे. हाय-फायच्या नादी लागलेल्यांच्या घरी अॅम्प्लिफायरखाली ग्रॅनाइटची लादी, सीडी प्लेयरखाली पितळेचे शंकू असले प्रकार दिसतात. म्हणे, कंपनं थांबली की आवाज 'खुलतो'. हसू येतं खरं, पण या श्रद्धेच्या मुळाशी एक अस्सल इंजिनिअरिंग प्रॉब्लेम आहे.

एलपी रेकॉर्ड आली १९४८ साली. तिच्यावरची खाच साधारण मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी रुंद, आणि अगदी हळू आवाजाच्या जागी तिची नागमोड एका मायक्रॉनहूनही कमी. सुई बिचारी फक्त 'मी हलले' एवढंच सांगते. खाचेमुळे हलली, मोटरच्या थरथरीने, की शेजारच्या खोलीत कुणी दार आपटलं म्हणून, ते तिला कळत नाही. शिवाय स्पीकरचा हादरा जमिनीतून परत सुईपर्यंत पोचला की घुमायलाच लागतं. शुद्ध पॉझिटिव्ह फीडबॅक! १९५८ च्या सुमारास स्टीरिओ रेकॉर्ड्स बाजारात आल्या आणि दुखणं वाढलं. मोनोला सुईची आडवी हालचाल पुरायची, स्टीरिओला उभीसुद्धा लागते. त्यामुळे मोटरची तोवर लपलेली घरघर ऐकू यायला लागली.

यावर एक सरळ उपाय म्हणजे टर्नटेबल जड करणं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या एडगर व्हिल्चरने वेगळा विचार केला. सुई मोजते तो रेकॉर्ड आणि तिच्यातला फरक. मग दोघं एकदमच हलले तर? १९६१ च्या त्याच्या टर्नटेबलमध्ये तबकडी आणि सुईचा दांडा एकाच धातूच्या पट्टीवर घट्ट बसवलेले, आणि ती पट्टी तीन स्प्रिंगांवर तरंगती. मोटर वेगळी, वरच्या पत्र्याला जोडलेली, मध्ये फक्त रबरी पट्टा. थोडक्यात, मेकॅनिकल लो-पास फिल्टर. रेकॉर्ड चालू असताना पेटीवर हातोडा मारून दाखवायचे, सुई ढिम्म! मला हे डिझाइन भयंकर आवडतं. पुढे १९७० च्या दशकात ग्लासगोच्या लिन एलपी१२ ने हाच मार्ग धरला.

अर्थात फिल्टर म्हटला की कटऑफ आला. स्प्रिंगची स्वतःची लय सेकंदाला तीन-चार झोके. लाकडी जमिनीवर कुणी धपधप चाललं की हातोड्याला न बधणारी सुई उडी मारायची.

१९८२ साली सीडी आली आणि प्रश्नच बदलला. लेझर वाचतो ते बिट्स, चुका रीड-सॉलोमन कोड दुरुस्त करतो, आणि डेटा बफरमधून क्रिस्टलच्या तालावर बाहेर पडतो. जोरात धक्का बसला तर गाणं अडखळेल, पण बारीक थरथरीने बिट्स 'मऊ' होत नाहीत. तरी शंकू खपतातच. असो, ज्याचे पैसे त्याची हौस.

हल्ली एलपीची पुन्हा क्रेझ आहे, आणि बॅगेसारखे स्वस्त प्लेयर मिळतात. त्यांत स्पीकर आणि सुई एकाच पेटीत. स्प्रिंग? छे!